चार घमेली माती

झिपरूबाबाचं चिखलाशी जुनं वैर आहे. आमच्या दवाखान्याच्या बोटीवर जो कोणी चढतो तो काठावरचा चिखल पायांना लावूनच चढतो. त्याला कुणाचाच इलाज नाही, कारण फाल्गुनात धरणाचं पाणी उतरायला लागलं की काठाला चिखलाशिवाय दुसरं काही उरत नाही. पण हे झिपरूबाबाला पटत नाही. तो उजाडायच्या आत उठतो, दोरीला बांधलेली बादली नर्मदेत सोडतो आणि पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सगळ्या फळ्या धुऊन काढतो. हे सगळं तो आपल्या अहिराणीत मोठ्यानं बोलत करतो, त्यामुळे मला गजर लावावा लागत नाही.

त्या दिवशी त्याचं बोलणं जरा जास्तच लांबलं.

"कोन बया उनी व्हती माय! पायले लाईसन अख्खं वावरच लई उनी!"

मी डोळे चोळत बाहेर आले. मागच्या बाजूला, इंजिनाजवळ, झिपरूबाबा बादल्यांवर बादल्या ओतत होता आणि काळपट माती फळ्यांवरून ओघळून पाण्यात चालली होती. आमचा बोटचालक रामसिंग इंजिनाच्या झाकणाला टेकून ते बघत उभा होता. त्यानं हात वर केला होता, पण तोपर्यंत सगळं वाहून गेलं होतं.

"बाबा, ती माती माझी होती," तो म्हणाला.

"मातीबी कोनी तुन्ही-मन्ही ऱ्हास का?"

"रात्री मी तिच्यावर झोपलो होतो."

झिपरूबाबानं बादली खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी चिडलेच. सकाळी तोंड धुवायच्या आत मला न्यायनिवाडा करायला लावला की मी चिडते. पण रामसिंगच्या कपाळाला लागलेली ती माती पाहिली आणि मग मला होळी आठवली.

आधी बोटीचं सांगते. आमची बोट म्हणजे पत्र्याचं छप्पर घातलेली लांबट लोखंडी पेटी. पुढे दवाखाना, मध्ये माझी खाट आणि लसींचा फ्रीज, मागे इंजिन, स्टोव्ह आणि पुरुषमाणसांची झोपायची जागा. माणसं तीनच: मी सिस्टर, चालक रामसिंग आणि पडेल ते काम करणारा झिपरूबाबा. आठवड्यातून दोन-तीनदा जागा बदलतो, बाकी सगळा वेळ लंगर टाकून मणिबेलीच्या वरच्या अंगाला कुठेतरी पडून असतो. दोन्ही काठांवरच्या पाड्यांतून बायका होडीत बसून येतात, पोरं दाखवतात, गोळ्या घेतात आणि जातात. शहाद्याकडची माझी नणंद म्हणते, "वहिनी, तुन्ही तं मज्या शे, रोज बोटमा!" तिला एकदा आणून आठवडाभर ठेवायचं माझ्या मनात आहे. इथे कपडे कधी कडक वाळत नाहीत, काडेपेटी सादळते, मीठ ओलं होतं. पाणी रात्रंदिवस तळाला थपथप करतं. सुट्टीला घरी गेले की नवनीतचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, शिसवी पलंगसुद्धा मला हलल्यासारखा वाटतो आणि झोप लागत नाही. मी थकले आहे. हे आताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणावर खेकसले तर नवल वाटायला नको.

रामसिंग पावरा याच काठचा. त्याचं गाव पाण्याखाली आहे. आता त्याची बायको कालीबाई आणि मुलगी रविना वर डोंगराच्या खांद्यावर राहतात, बोटीवरून हाक मारली तर ऐकू जाणार नाही पण चुलीचा धूर दिसेल इतक्या अंतरावर.

रविना दोन वर्षांची असताना उलट्या-जुलाबांनी सुकून आमच्या बोटीवर आली होती. डोळे आत गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मला तिची शीर सापडत नव्हती. रामसिंग बोट रस्त्याच्या दिशेनं पळवत होता आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडून पावरीत काहीतरी बोलत होता. मला वाटलं कालीबाईला सांगतोय. नंतर कळलं की तो होळीशी बोलत होता. पोर जगली तर पाच होळ्या बावा होईन, असं तो बोलला होता. मला शेवटी पायाला शीर सापडली. मुलगी जगली ती माझ्या सलाईननं की त्याच्या होळीनं, यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. जगली, एवढं दोघांनाही पुरलं.

बावा होणं म्हणजे नुसतं नाचणं नव्हे. काठी गावच्या होळीत अंगभर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालून रात्रभर नाचायचं, ते लोकांना दिसतं. त्याआधीच्या दिवसांतली पाळणी कुणाला दिसत नाही. खाटेवर बसायचं नाही, चप्पल घालायची नाही, आंघोळ करायची नाही, बाईच्या हातचं खायचं नाही की बाईला शिवायचं नाही, आणि झोपायचं ते जमिनीवर. हे सगळं पाळून पहाटे होळी पेटताना तिथे हजर असलं, तरच ते वर्ष धरलं जातं. रामसिंगची चार वर्षं झाली होती. ही पाचवी, शेवटची.

त्यानं रजा केव्हाच मागून ठेवली होती. त्याच्या जागी जगदीश नावाचा दुसरा चालक यायचा होता. पाळणी सुरू व्हायची वेळ आली, रामसिंगनं चप्पल काढून पेटीत ठेवली, तरी जगदीशचा पत्ता नाही. आणि बोटीवरून उतरून काठावर झोपायची सोय नव्हती. माघात एकदा तो घरी झोपायला गेला होता, तेव्हा दरीतून वारा सुटला, गाळात लंगर धरला नाही आणि बोट जाऊन सागाच्या बुडलेल्या खोडावर आदळली. फ्रीज आडवा झाला, लसी वाया गेल्या. तेव्हापासून वरून हुकूम आहे की चालकानं बोटीवरच झोपायचं. हुकूम नसता तरी रामसिंग बोट सोडून गेला नसता. पाणी रोज उतरत होतं, उथळात आलो की इंजिन चालू करून बोट आत न्यावी लागायची, आणि ते मला किंवा झिपरूबाबाला येत नव्हतं.

मग त्यानं काय केलं, तर काठावरून माती आणली. चार घमेली. आम्ही झोपलो तेव्हा इंजिनाच्या मागे पसरली, वर पडला आणि झोपला. आणि झिपरूबाबानं ती धुऊन टाकली.

"माले कोनी सांगं नही," झिपरूबाबा दिवसभर पुटपुटत होता. "माले काय सपन पडस का?"

संध्याकाळ होण्याआधी तो दिसेना. होडीही दिसेना. मी हाका मारल्या. थोड्या वेळानं तो काठावरून येताना दिसला, गुडघ्यापर्यंत चिखलात बरबटलेला, होडीत चार भरलेली घमेली. चिखलाला शिव्या देतच चढला. माती मागे ओतली, हातानं सारखी केली, बाजूनं जाड दोराचं वेटोळं लावून तिला बांध घातला.

"झोप आते," तो रामसिंगला म्हणाला. "पन दोरना भायेर एक कन जरी उना ना, तं मी धुई टाकसू."

रामसिंग हसला. मग मातीकडे बघून म्हणाला, "बाबा, ही कुठून आणली?"

"आठूनच. तो आंबाना खुंट शे ना, त्यान्हा जवळतीन."

"ते आमचंच शेत आहे," रामसिंग म्हणाला. "मी पण तिथूनच आणली होती."

त्यानंतरचे दिवस असे गेले. सकाळी झिपरूबाबा सगळी बोट धुवायचा आणि मागच्या बाजूला आला की बादली आवरून, ओल्या फडक्यानं दोराच्या कडेकडेनं पुसून घ्यायचा. रामसिंग मातीवरच तीन दगड मांडून आपली भाकरी थापायचा. वारा आला की ती माती उडायची आणि माझ्या ड्रेसिंगच्या ट्रेवर येऊन बसायची. मी ओरडायची. त्याच्या पायाला शिंपला लागून चिरलं, तर मला ते बांधता येईना, कारण शिवायचं नाही. मी बँडेज फळीवर ठेवायची, दूर व्हायची आणि सूचना द्यायची. "अजून घट्ट. अरे, घट्ट म्हटलं!" तो आपल्या हातानं वेडंवाकडं बांधायचा. चारी बाजूंनी पाणी आणि आंघोळ नाही, त्यामुळे त्याच्या अंगाला येणारा वास मी खोलीत बसून ओळखू शकत होते. एवढ्याशा बोटीवर एका माणसाची पाळणी म्हणजे तिघांची पाळणी.

फोनला रेंज एकाच ठिकाणी येते, काठावरच्या टेकाडावर. मी रोज होडीतून उतरून, चिखल तुडवून, धापा टाकत तिथे चढत होते आणि रोज वरच्या ऑफिसात विचारत होते, "जगदीश निघाला का?" रोज उत्तर यायचं, निघाला असेल. होळीच्या आदल्या दिवशी मीच शोधून काढलं. जगदीश सासुरवाडीच्या माणसांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. त्याला इथे यायचं होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग रामसिंगला सोडते," मी फोनवर म्हणाले.

"मॅडम, असं कसं? बोट वाऱ्यावर सोडायची का? माघात काय झालं ते विसरलात?"

"पण त्याची रजा मंजूर आहे."

"मंजूर आहे, पण बदली चालक आला तर. होळी काय, दरवर्षी येते."

मी फोन बंद केला. टेकाडावर बसून राहिले. खरं सांगते, मला रामसिंगची दया आली असं नाही, आधी माझी मलाच आली. दर वेळी कुणीतरी यायचा असतो आणि येत नाही, आणि मग जो आहे त्यानंच रेटायचं. माझी बदलीही अशीच मंजूर आहे. माझ्या जागेवर कुणी आलं तर.

खाली येऊन रामसिंगला सांगितलं. तो मातीवर बसून टोपाची मोरपिसं सारखी करत होता. टोप, भोपळे, घुंगरू हे सगळं त्यानं माझ्या औषधाच्या कपाटावर ठेवलेलं असायचं, कारण सगळ्या बोटीत तेवढीच जागा कोरडी.

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय?"

"परत पाच वर्षं करीन."

एवढंच. आवाज चढला नाही, तोंड उतरलं नाही. त्यानं टोप फडक्यात गुंडाळला आणि कपाटावर ठेवायला उठला. मला त्याचा भयंकर राग आला. भांडला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो परत येऊन बसला. मग म्हणाला, "सिस्टर, तू सांग. रविनाला काही होईल का आता?"

"काही होत नाही. ठणठणीत आहे ती. मीच वजन केलंय."

"ते तू सांगते. होळीनं विचारलं तर तिला कोण सांगणार?"

शीर सापडत नव्हती तेव्हा हा माणूस कसा ओरडत होता, ते ऐकणारी मी एकटीच होते. कालीबाई तर पोरीवर पालथी पडलेली होती. तो शब्द त्यानं होळीला दिला होता हे खरं, पण दिला माझ्यासमोर. मला तो मोडलेला बघायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी, होळीच्या सकाळी, पाणी आणखी उतरलेलं होतं आणि रामसिंग बोट आत न्यायला इंजिन सुरू करत होता. मी मागे गेले.

"ही बोट पाण्यात आहे म्हणून पळते ना?"

"हो."

"मग जमिनीवर घाल. टेकव चिखलात. टेकलेली बोट कुठे जाणार?"

त्यानं इंजिनाची दोरी हातातून सोडली. "सिस्टर, एकदा टेकली तर उठणार नाही. पाणी खालीच चाललंय. पावसापर्यंत उठणार नाही."

"नाही उठली तर नाही उठली."

"वरचे बोलतील."

"मला बोलतील. तू चालक आहेस, मी इन्चार्ज आहे. मी सांगतेय, टेकव."

"बाई, याड लागनं का तुमले?" झिपरूबाबा मधेच ओरडला. "पलीकडला पाडास्नं काय?"

"पलीकडे मी होडीनं जाईन." म्हणून तर टाकलं. भर उन्हाळ्यात होडीनं दोन्ही काठ करायचे म्हणजे काय, हे मला पुरतं माहीत होतं.

रामसिंग पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "कुठेही नाही टेकवता येणार. खाली दगड असला तर तळ फाटेल. खोडं आहेत."

"मग कुठे?"

त्यानं आंब्याच्या खुंटाखालच्या पाण्याकडे बोट दाखवलं. "तिथे दगड नाही. एक पण नाही. बापानं सगळे वेचले होते. पाणी यायच्या आधीच्या उन्हाळ्यात पण वेचत होता. लोक हसायचे त्याला."

मी मान हलवली.

त्यानं लंगर उचलला. इंजिन अगदी हळू ठेवलं. बोट काठाकडे सरकत गेली, तळाखाली पाण्याचा रंग बदलत गेला आणि मग खालून एक लांब घासल्याचा आवाज आला, आणि आम्ही थांबलो. कुठे ठोकर नाही, धक्का नाही. त्यानं पुढचा दोर आंब्याच्या खुंटाला तीन वेढे देऊन बांधला. कपाटावरून टोप आणि भोपळे काढून पाठीला घेतले. झिपरूबाबानं फुटाणे आणि गूळ पुरचुंडीत बांधून दिले, कारण माझ्या हातचं चाललं नसतं. काठी तिथून डोंगर ओलांडून, उतरून, परत चढून. रामसिंग अनवाणी पायानं चिखलातून वर निघाला. बँडेज तेवढं पांढरं दिसत होतं. टेकाडावर पोचल्यावर त्यानं मागे वळून पाहिलं. आमच्याकडे नाही, शेताकडे.

"पोचस का तो?" झिपरूबाबानं विचारलं.

"मला काय माहीत!" मी खेकसले.

दुपारभर पाणी बोटीखालून निघून जात राहिलं. संध्याकाळी बोट एका कुशीवर जराशी कलली. झिपरूबाबाचं पातेलं घसरत गेलं आणि दाराला जाऊन अडलं. आम्हा दोघांनाही एकदमच कळलं की थपथप थांबली आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तळाला पाणी लागत नव्हतं. मी तिरक्या खाटेवर अंग टाकलं आणि मला झोप लागली. अशी झोप मला माहेरीही लागली नसेल. सकाळी ऊन तोंडावर आलं तेव्हा जागी झाले, आणि बादलीचा आवाज कसा आला नाही म्हणून घाबरून बाहेर धावले. झिपरूबाबा रिकामी बादली घेऊन कठड्याशी उभा होता. पाणी लांब गेलं होतं.

"आते धोऊ कसानी?" तो रडवेला झाला होता.

मी टेकाडावर जाऊन ऑफिसला फोन केला आणि जसं आहे तसं सांगितलं. वारा, लंगर वगैरे काही रचलं नाही. साहेब म्हणाले, "लेखी खुलासा द्या." मी म्हटलं, "देते." त्यानंतर जे व्हायचं ते झालं. माझ्या बदलीचा कागद कुठल्या तरी टेबलावर उलटा पडला तो अजून उलटाच आहे. ते रडगाणं गात नाही.

रामसिंग आला तो होळीनंतर दोन दिवसांनी, कालीबाईला आणि रविनाला बरोबर घेऊन. नदीवर उतरून आधी कितीतरी वेळ आंघोळ केली. पांढरे ठिपके तरी कानामागे राहिलेच होते. कालीबाईनंच सांगितलं. होळीचा बांबू उभा झाल्यावर तो पोचला होता, पेटायच्या जरा आधी. भोपळे बांधायला दुसऱ्या बाव्यांनी हात लावला. पाय फुटले होते तरी नाचला.

"झालं?" मी त्याला विचारलं.

"झालं," तो म्हणाला. "पाच झाली. आता तू पाय बघ."

मी त्याचा पाय मांडीवर घेतला आणि नीट बांधला. घट्ट. आणि कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घालून रडले. थकलं की माझं असं होतं.

कालीबाई बोटीवर चढलीच नाही. ती खाली उभी राहून चिखल चिमटीत घेऊन चुरत होती. रविना बोटीभोवती धावत होती.

"हेच आपलं शेत?" तिनं विचारलं. तिनं ते कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे दर उन्हाळ्यात ते पाण्याबाहेर यायचं, पण वरून बघणाऱ्याला नुसता चिखल दिसायचा.

"हेच," रामसिंग म्हणाला. "बोट आहे ना, ते खळं होतं."

झिपरूबाबा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, आते पाळणी सरनी ना? ती माती काढी टाकू का?" कशी कोण जाणे, त्यानं होळीपासून तिला हात लावला नव्हता. मी रामसिंगला विचारलं. त्यानं चारी घमेली भरली आणि कठड्यावरून खाली ओतली. जिथून आणली होती त्याच शेतात ती पडली.

आम्ही पावसापर्यंत तिथे राहिलो. कालीबाईनं बोटीभोवती, अगदी तळाला चिकटून, मूग टाकला. आजवर त्या ओल्या जमिनीत कुणी पेरलं नव्हतं, कारण राखायला माणूस नव्हतं, सगळं ढोरांनी खाल्लं असतं. आता रामसिंग रात्रंदिवस तिथेच होता. बायका पोरांना कडेवर घेऊन मुगाच्या बांधावरून चालत दवाखान्यात येत होत्या. दिवसाआड मी आणि रामसिंग होडीनं पलीकडचे पाडे करत होतो, त्या वेळी शेताची राखण कालीबाईकडे. मी उन्हानं काळी पडले, पाठ धरली. संध्याकाळी परतलो की झिपरूबाबा लांबून पाणी वाहून आणून फळ्या धुताना दिसायचा. मूग आला तेव्हा कालीबाईनं पहिली ओंजळ माझ्या ताटात ओतली. मी शिजवायला टाकला, खाल्ला, आणि बऱ्याच दिवसांनी मला अन्नाची चव लागली.

मग वरच्या अंगाला पाऊस झाला. ऑफिसातून फोनवर रोज विचारणा सुरू झाली, बोट उठली का? पाणी आलं ते हळूच, मूग काढलेल्या सऱ्यांतून, एकेक सरी भरत. तळाला पुन्हा थपथप सुरू झाली. एका सकाळी पातेलं आपोआप सरळ झालं आणि बोट हलली. मी आनंदानं ओरडलेच. रामसिंग कठड्यावर हात ठेवून खाली बघत होता. आंब्याचा खुंट अर्धा बुडाला होता. त्यानं होडीतून जाऊन दोर सोडला, तिन्ही वेढे सावकाश काढले.

मी टेकाडावर जायला निघाले तर म्हणाला, "थांब सिस्टर. मी सांगतो त्यांना."

तो चढला. फोन कानाला लावलेला मला खालून दिसला. दोन शब्द बोलला असेल. मग फोन खिशात घालून तिथेच बसला, खुंट पुरता दिसेनासा होईपर्यंत. मला त्याला हाक मारायची होती, रोगी खोळंबले होते. मी मारली नाही.

त्या रात्रीपासून तो पुन्हा इंजिनामागे झोपतो, घोंगडी टाकून, नुसत्या फळ्यांवर. झिपरूबाबा अजूनही उजाडायच्या आत उठतो, बादल्या ओततो, चिखलाला शिव्या देतो आणि पुढच्या टोकापासून सगळी बोट धुऊन काढतो. मागे आला की थांबतो. जिथे माती होती तिथे फळ्यांच्या फटीत थोडी अजून राहिली आहे. तेवढी जागा तो ओल्या फडक्यानं कडेकडेनं पुसतो आणि बादली उचलून परत फिरतो.